हळदीचा डाग

कमलने लादीवर गार पाण्याचा पहिला तांब्या ओतला. डागाच्या कडेने गुलाबी पाणी सुटलं तसा तिने तांब्या खाली ठेवला आणि पदर खोचून घेतला.

"काय गं, निघतोय का?" वासंतीबाईंनी पायऱ्यांवरूनच विचारलं. त्या खाली उतरल्या नव्हत्या. हल्ली तुळशीला पाणी घालायलाही त्या नव्या सुनेला पाठवत.

"बघते, बाई. वेळ लागेल."

"रामूने उकळतं पाणी ओतलं होतं. सोडा टाकला, विटकरीने घासलं. उलट जास्तच बसलाय मेला."

रक्त उकळत्या पाण्याने शिजतं आणि कापड असो की दगड, त्यात कायमचं घर करतं. जायचंच असेल तर ते गार पाण्याने जातं. हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. वासंतीबाईंनाही ते ठाऊक होतं. पण तो डाग रक्ताचा आहे हे त्यांनी अजून तोंडाने म्हटलं नव्हतं, मग पाणी गार घे की गरम हे तरी माळ्याला कोण सांगणार?

परळच्या त्या गल्लीत वासंतीबाईंच्या यजमानांच्या, मनमोहनरावांच्या, आजोबांनी बंगला बांधला तेव्हा भोवती नुसते माड होते म्हणतात. गिरण्या आल्या तसे माड गेले. बागेच्या टोकाला बैठ्या खोल्यांची एक चाळ उठली आणि तिच्यात कोकणातली गिरणी कामगारांची बिऱ्हाडं राहायला आली. बंगला आणि चाळ यांच्यामधे उरली ती एवढीशी बाग: दोन माड, एक शेवगा, तुळशीवृंदावन आणि मालाडच्या पिवळट दगडाच्या चौकोनी लाद्यांचं अंगण. नळ बंगल्याच्या बाजूला, त्यामुळे चाळीतल्या प्रत्येक बाईला येता-जाता हे अंगण तुडवावं लागे. डाग पडला होता तो शेवग्याच्या बुंध्याशी, मागच्या भिंतीच्या आतल्या अंगाला. नळावर जाताना बायका आधी डागाकडे बघत आणि मग कमलच्या कपाळाकडे.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि परळ-लालबाग पेटलं. त्या दंगलीत कमलचा नवरा गंगाधर गिरणीत म्हणून गेला तो परत आला नाही. संचारबंदी झाली, गोळीबार झाला, पुन्हा संचारबंदी झाली. हळूहळू दुकानांच्या फळ्या उघडल्या, भोंगे वाजायला लागले, बाकीच्यांचे नवरे डबे घेऊन कामावर जाऊ लागले. चौकीवर विचारायला गेलं तर शिपाई हाकलून लावत. प्रेतं घरच्यांना न देता परस्पर जाळली असंही लोक दबक्या आवाजात बोलत होते. मग गंगाधरच्या खात्यातला दगडू एक दिवस येऊन सांगून गेला की गिरगावात धरपकड झाली, त्या गाडीत गंगाधरसारखा कुणीतरी चढताना आपण पाहिला. बिचारा 'सारखा' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरत होता. गंगाधरच्या आईने, सुभद्राबाईने, तो मनावरच घेतला नाही.

"झील माझो तुरुंगात असा," ती नळावर सगळ्यांना सांगायला लागली. "ठाण्याक नायतर येरवड्याक. सुटतलो."

तोवर तिने अन्नपाणी सोडल्यात जमा होतं. दगडू येऊन गेला त्या दिवशी तिने पहिल्यांदा भात कालवून खाल्ला. लेकाच्या वाटणीची भाकरी थापून ती फडक्यात बांधून ठेवू लागली आणि सकाळी तीच भाकरी पाण्यात भिजवून स्वतः खाऊ लागली. दगडूची ती बातमी म्हातारीच्या हातून काढून घेतली तर ती पुढची अमावस्या बघणार नाही, हे कमलला डोळ्यांनी दिसत होतं.

आणि तरी, गंगाधर परत आला नाही त्या संध्याकाळी दोघी घरातच होत्या. दाराला आतून कडी, दिवा विझवलेला. गल्लीतून बुटांचे आवाज धावत गेले. मग भिंतीच्या पलीकडे गोळीचा आवाज झाला आणि भिंतीच्या अलीकडे काहीतरी जड पडलं. कमल उठू लागली तशी सासूने तिचं मनगट धरलं.

"नारळ पडलो," सुभद्राबाई म्हणाली. "बस तू."

कमल बसली. सासूची पकड बराच वेळ सैल झाली नाही. त्या आवाजाबद्दल दोघी पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

त्या भिंतीवरून उडी मारून घरी यायची खोड चाळीत एकट्या गंगाधरला होती. दिवे लागले की वासंतीबाई फाटकाला कुलूप घालत. दुसऱ्या पाळीहून येणारे बाकीचे लोक रामू माळ्याला हाका मारून उठवत. गंगाधरला तेवढा धीर नसे. शेवग्याची फांदी धरून तो सरळ आत उतरायचा. वासंतीबाईंनी त्यावरून त्याला चांगलं झापलंही होतं. अर्थात, जीव मुठीत घेऊन पळणारा माणूस समोर येईल त्या भिंतीवर चढतो असंही म्हणता येत होतं, आणि चाळ तसंच म्हणत होती, निदान कमलच्या तोंडावर.

रामू माळी तेवढा आपल्या खोपटात होता. त्यालाही फटीतून फक्त पाय दिसले.

"दोघा शिपायांनी हातापायाला धरून उचलला," तो कमलला म्हणाला होता. "त्वांड न्हाई दिसलं, कमळाबाई. देवाशप्पत न्हाई दिसलं."

रामूने उकळतं पाणी, सोडा, विटकर असं सगळं करून पाहिलं आणि मग एकदम हात वर केले. पुन्हा त्या लादीला आपण शिवणार नाही म्हणाला. वासंतीबाई रडकुंडीला आल्या. दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू याच अंगणात होई, बंगल्याच्या नात्यागोत्यातल्या बायका येत, चाळीतल्या सवाष्णी येत. या वर्षी त्यांनी ते रद्दही केलं असतं. पण मार्गशीर्षात मुलाचं लग्न झालं होतं. शकूची, त्यांच्या सुनेची, ही पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा आणून ठेवलेली, हलव्याचे दागिने करून ठेवलेले. नव्या नवरीचं पहिलंच हळदीकुंकू टाळायचं म्हणजे लोकांच्या जिभेवर काय काय येईल ते वासंतीबाईंना मनातसुद्धा आणायचं नव्हतं. मनमोहनरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "रथसप्तमीच्या आत उरकून घ्या काय ते" एवढंच सांगितलं.

तेव्हा कमलच पुढे झाली होती.

"मी काढते डाग, बाई."

नळावरच्या बायका बघतच राहिल्या. कमलने मनाशी हिशेब केला होता तो साधा होता. जी बाई स्वतःहून डाग धुवायला बसते, तिच्या नवऱ्याचा तो कसा असेल?

आता तिने राखेत बुडवलेलं नारळाचं सोडण फिरवायला सुरुवात केली. गार पाणी, राख, पुन्हा गार पाणी. वरचा थर सुटत होता. पण मालाडचा दगड पाणी पितो तसं बाकी सगळंही पितो, आणि रामूच्या उकळत्या पाण्याने जे आत गेलं होतं ते हलत नव्हतं. पाण्याला लोखंडासारखा वास येत होता. वासंतीबाई केव्हाच आत गेल्या होत्या. कमल तोंडाने श्वास घेत घासत राहिली.

आदल्या दिवशी शकू चाळीत हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आली होती. एका हातात चांदीची कोयरी, दुसऱ्या हाताने पदर सावरत ती दारोदार जात होती आणि प्रत्येक बाईला कुंकू लावून "परवा या हं" म्हणत होती. कमलच्या दाराशी आली आणि थांबली. पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची. तिने कोयरीत बोट बुडवलं, ते वर उचललं आणि तसंच हवेत राहू दिलं. शेजारच्या दारातल्या बायका गप्प झाल्या. कमलला वाटलं, आपणच दार लावून घ्यावं.

आतून सुभद्राबाईचा आवाज आला. "लाव गो, लाव. घोव जितो असा तिचो."

शकूने घाईघाईने कुंकू लावलं. ते नाकावर सांडलं. मग ती पुढच्या दाराकडे गेली आणि बायका पुन्हा बोलायला लागल्या.

सुभद्राबाई स्वतः बत्तीस वर्षांची असताना तिचं कुंकू गेलं होतं. नवरा गिरणीतच पट्ट्यात सापडला. प्रेत घरी येण्याआधी बायका आल्या आणि त्यांनी उंबऱ्यावर तिचे हात धरून बत्त्याने बांगड्या फोडल्या. ती ते कधी सांगत नसे. एकदाच, कमल नवी नवरी होऊन आली तेव्हा, तिचे हिरव्या चुड्याचे हात आपल्या हातात घेऊन सासू म्हणाली होती, "काच लय लागता गो." कमलला तेव्हा वाटलं, बांगड्या घट्ट झाल्यात का म्हणून विचारताहेत.

सोडणाने आता काही निघेना म्हणून कमलने काडी घेऊन दोन लाद्यांमधला सांधा उकरायला घेतला. तिथली माती काळी होऊन घट्ट बसली होती. काडी कशाला तरी अडली. तिने नखाने खरवडलं. पितळेचं एक लहानसं गोल झाकण वर आलं.

चुन्याच्या डबीचं झाकण. अशा डब्या गिरणीत ज्याच्या त्याच्या खिशात असतात. पण या झाकणाला मधोमध पोचा होता, आणि तो कमलने पाडला होता. श्रावणात, भांडणात, तिने ती डबी भिंतीवर फेकून मारली होती. गंगाधरने हसत हसत ती उचलली, झाकण दाताने सरळ करायला गेला आणि ते आणखीच वाकडं झालं. मग रात्रभर दोघं न बोलता निजले.

झाकणाच्या आत चुना वाळून बसला होता. कमलने ते मुठीत धरलं. तिला रडू आलं नाही. आधी तिला भीती वाटली ती मामीची. सासूला ती मामी म्हणत असे. चाळीच्या बाजूला मान वळवायचंसुद्धा तिला धैर्य होईना. नवरा गेला हे तिला त्या संध्याकाळीच कळलं होतं. तरी रोज सकाळी उठून ती फाटकाकडे बघत होती. आज सकाळीही पाहिलं होतं. उद्या बघायचं कारण राहिलं नव्हतं. ती लादीवर दोन्ही तळवे टेकून तशीच बसून राहिली.

झाकण ओच्यात टाकून ती उठली तेव्हा तिच्या बोटांना चुना लागला होता. सकाळी कालवणात घातलेल्या हळदीचा पिवळा डाग त्याच बोटांवर होता. चुना लागला तिथे तो लाल झाला होता. ओवाळायला तांबडं पाणी करताना असंच करतात. तिने बोटांकडे पाहिलं, मग लादीकडे, आणि मग ती चाळीकडे चालू लागली.

दुपारची वेळ होती. सासू भिंतीकडे तोंड करून निजली होती. कमलने फळीवरचा हळदीचा डबा आवाज न करता उतरवला. गावाहून आलेली, घरी कांडलेली हळद. तिने ती सगळी वाटीत ओतली. कोनाड्यातल्या मडक्यातला चुना घेतला, पाणी घातलं आणि बोटाने ढवळलं. वाटीत लालभडक रंग उतरला.

बंगल्याच्या खिडक्या बंद होत्या. रामू भाजी आणायला गेला होता. कमलने डागावर ती वाटी ओतली आणि हाताने पसरली, डागाच्या पुष्कळ बाहेरपर्यंत. दगडाने तिचाही रंग पिऊन घेतला.

संध्याकाळी तिने चुलीपुढे बसून सासूला सांगितलं.

"मामी, तो डाग रक्ताचा नाय."

सुभद्राबाई तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली. "मगे?"

"हळदीचा हाय. बंगल्यातल्या लग्नात नवऱ्या मुलाला हळद लावली, ती त्याच लाद्यांवर पाट मांडून. वरून रामूने सोडा ओतला. सोड्याने हळद लाल होणारच. आता अजूनच लाल दिसतेय. लिंबू पिळलं की बघा, पिवळी होते का नाय."

"हळद," सुभद्राबाई म्हणाली. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हंजे रगात न्हय."

"नाय. उद्या सकाळी दाखवते तुम्हाला लिंबू पिळून."

"माका कशाक दाखवतंस? त्या बायांका दाखव. हळदीकुंकवाक सगळी जमतली, तेवा दाखव. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

कमलला हायसं वाटलं. रात्री आमटीला टाकायला सासूने हळदीचा डबा उघडला, आत चमचा फिरवला, आणि झाकण लावून तो परत फळीवर ठेवला. आमटी पांढरीच झाली. दोघींनी ती निमूटपणे खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशा बायका यायला लागल्या. बंगल्याच्या बाजूने गिरगावच्या, दादरच्या नातेवाईक बायका, नथी घातलेल्या, अत्तर लावलेल्या. मागच्या बाजूने चाळीतल्या, धुतलेली नऊवारी लुगडी नेसून. मधे काळ्या चंद्रकळेत शकू, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या. दरवर्षी या वेळी अंगणात नुसता कलकलाट असतो. आज येईल ती बाई पायऱ्या उतरून दोन पावलं टाकी आणि तिची नजर शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन अडके. काल जो डाग तपकिरी होता तो आज लाल होता आणि दुपटीने पसरला होता.

"कमल!" वासंतीबाईंचा आवाज चिरकला. "हे काय करून ठेवलंस?"

एका बाईने शेजारणीचा हात धरला. शकू हलव्याच्या हाराशी चाळा करत मागे सरकली.

"मी नाय काय केलं, बाई," कमल म्हणाली. आवाज सरळ राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "घासता घासता खरं काय ते वर आलं. ही हळद हाय. लग्नातली."

"काहीतरी बोलू नकोस."

कमलने घरून आणलेल्या लिंबाच्या फोडी काढल्या, लादीपाशी उकिडवी बसली आणि पिळायला लागली. थेंब पडले तिथे बारीक फेस आला. लाल रंग आधी नारिंगी झाला, मग पिवळा. पिवळा ठिपका पसरत गेला, दुसऱ्या ठिपक्याला मिळाला. तिने दुसरी फोड पिळली, तिसरी पिळली. पुढच्या बायका वाकल्या, मागच्या टाचा उंच करून बघू लागल्या.

"अगं बाई, हळदच की ही!" मनमोहनरावांच्या दुर्गाकाकी म्हणाल्या. त्या सगळ्यांत थोरल्या. "काय तरी बाया तुम्ही! लग्नाच्या हळदीला घाबरून बसल्या होत्यात!"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, गरजेपेक्षा जास्त आणि जरा मोठ्याने. चाळीतली गंगुबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मी म्हणतच होते." ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता आणि अशा वेळी कुणी कुणाचं बोलणं तपासत नाही. फक्त वासंतीबाई लादीकडे बघत नव्हत्या. त्या कमलच्या तोंडाकडे बघत होत्या. बराच वेळ बघून त्यांनी मान वळवली.

"शकू," त्या म्हणाल्या, "कमलला आधी हळदकुंकू लाव."

तेवढ्यात कमलला ते दिसलं. भिंतीकडच्या लादीच्या कोपऱ्यात, सांध्याला लागून, हातभर जागा पिवळी झाली नव्हती. हळद ओली होऊन वाहून गेली होती आणि खालचं काळपट तसंच वर आलं होतं. कुणाचं तिकडे लक्ष जायच्या आत तिने सतरंजीची एक घडी ओढली, त्या कोपऱ्यावर टाकली आणि मांडी घालून तिच्यावर बसली.

"अगं, इकडे ये ना, मधे बस," कुणीतरी म्हणालं.

"इथं बरं हाय. सावली हाय."

सतरंजी ओली झाली. ओल तिच्या लुगड्यातून आत आली. शकूने तिच्या गालांना हळद लावली, कपाळावर कुंकू लावलं, या वेळी नीट, गोल. ओटीत गहू, बोरं, उसाची कांडं, हरभऱ्याचे घाटे पडले. तिळगुळाची वाटी फिरली. सुगडाचं वाण पुढे आलं. बायका रंगात आल्या, तशी नावं घ्यायची टूम निघाली. शकूने लाजत आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. दुर्गाकाकींनी एवढा लांबलचक उखाणा घेतला की शेवटी नवऱ्याचं नाव घ्यायलाच विसरल्या. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

"आता कमलने घ्यायचं!"

"हो, हो, घे गं! म्हणजे लवकर सुटून येईल!"

कमलने खाली पाहिलं. मांडीखालचा दगड गार लागत होता. तिच्या नवऱ्याला जाळताना जवळ कुणी नव्हतं, त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं नव्हतं, आणि त्याचं जे काही उरलं होतं त्याच्यावर ती सुगड घेऊन बसली होती. ओरडावं, सतरंजी फेकून द्यावी आणि या सगळ्या नथींना तो कोपरा दाखवावा असं तिला एक क्षण वाटलं. चाळीच्या भिंतीशी, बायकांच्या गर्दीपासून लांब, सुभद्राबाई उभी होती. विधवेने हळदीकुंकवाला यायचं नसतं. पण ती कमलवरून नजर काढत नव्हती.

कमलने मान वर केली.

"गिरणीचा झाला भोंगा, चाळीत पेटला चुलीचा जाळ," ती म्हणाली. पुढचं जरा थांबून आलं. "गंगाधररावांचं नाव घेते, हळदीकुंकवाची संध्याकाळ."

"वा गं वा!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

अंधारून यायला लागलं तसं अंगण रिकामं झालं. शकू हलव्याचे दागिने सांभाळत आत गेली. वासंतीबाईंनी जाताना "सतरंज्या उद्या उचल गं, घाई नाही" एवढंच सांगितलं आणि दिवा लावायला गेल्या. कमल शेवटपर्यंत आपल्या जागेवरून हलली नव्हती. सगळं शांत झाल्यावर ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या. तिने सतरंजी उचलली, ओली बाजू आत करून घडी घातली आणि वळून पाहिलं तर सासू अंगणात आली होती.

"मामी, तुम्ही कशाला आलात? मी येतच होते."

"सगळ्यांनी बघल्यानी?"

"बघितलं."

"वासंतीबाईन?"

"त्यांनीपण. आता कोण काय बोलायचं नाय."

सुभद्राबाईने तिची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. कपाळावरचं कुंकू तिने नीट निरखून पाहिलं. बोट त्याच्या अगदी जवळ नेलं, पण लावलं नाही. मग हात खाली घेऊन ती लादीपाशी वाकली. गुडघ्यावर हात टेकून, डोळे बारीक करून तिने भिंतीकडचा तो कोपरा पाहिला.

"हंय अजून काळा दिसता," सुभद्राबाई म्हणाली. "हळद कमी पडली तुका."

तिने पदराची गाठ सोडली. आत वाण्याकडची कागदाची पुडी होती. ती तिने कमलच्या हातात ठेवली.

"घरातली सोपली, म्हणान आणलंय. उजाडायच्या आत टाक. सकाळी बायो नळावर येतली."

कमल तिच्याकडे बघत राहिली. सुभद्राबाई तिच्या हातातली सतरंजीची घडी काखेत मारून चाळीकडे चालू लागली होती. कमलने पुडी कनवटीला खोचली आणि ती पाणी आणायला नळावर गेली.